हमचा सूर आणि लोखंडी डबा

भाच्याने घरी डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारं पायाखालचं यंत्र, बनवलं. एक ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप), दोन डायोड, मूठभर रेझिस्टर, ९ व्होल्टची बॅटरी. टेबलावर उघडंच ठेवून गिटार जोडली, तर तार छेडण्याआधीच घुंऽऽऽ सुरू. “मामा, सर्किट चुकलं वाटतं.” सर्किट बरोबर होतं. डबा नव्हता.

डबा म्हणजे नुसतं वरचं आवरण, असं पुष्कळांना वाटतं. सर्किट चाललं की साबणाच्या प्लॅस्टिक डबीत कोंबून मोकळे होतात.

ते घुंऽऽऽ, ज्याला ‘हम’ म्हणतात, म्हणजे घरातली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज. (कान देऊन ऐका, खर्जातल्या ‘जी’पेक्षा किंचित चढा लागतो.) पण बॅटरीवरच्या पेडलमध्ये ती शिरते कुठून? भिंतीत एक वायर, टेबलावर दुसरी, मध्ये हवा: झाला कपॅसिटर. समजा फक्त १ पिकोफॅरडचा. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा होतो सुमारे ३२० कोटी ओहम. त्यातून जेमतेम ७२ नॅनोअँपिअर झिरपतात. हसण्यावारी न्यावा असा आकडा. पण पेडलच्या इनपुटचा अडथळा मुद्दाम १० लाख ओहमच्या आसपास ठेवतात, नाहीतर पिकअपचा (तारेची थरथर विजेत बदलणाऱ्या वेटोळ्याचा) वरचा झणका मरतो. आता गुणाकार करा: ७२ मिलिव्होल्ट! गिटारचा सिग्नलही साधारण याच पट्टीतला. गिटार जोडली की यातलं बरंचसं पिकअपच्या वाटेने निघून जातं हे खरं. पण उरलेलं ऑप-अँप शंभरपट वाढवून कानावर आदळतो.

सभोवती धातू आला की त्यातले मुक्त इलेक्ट्रॉन असे सरकतात की बाहेरचं विद्युतक्षेत्र आत पोचतच नाही. १८३६ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने १२ फुटी चौकोनी पिंजरा उभारला आणि स्वतः आत जाऊन बसला. बाहेर ठिणग्या उडत होत्या, आतल्या विद्युतदर्शकाला त्याचा पत्ता नव्हता. आपल्या पेडलमध्ये एक अट मात्र पाळायची: डबा सर्किटच्या ग्राउंडला, म्हणजे जॅकच्या (गिटारची वायर खुपसायच्या खाचेच्या) बाहेरच्या कड्याला, जोडलेला हवा. अधांतरी पत्रा हम पलीकडून घेऊन अलीकडे पोचवतो.

मोबाइलमागे चिकटवायचे ‘रेडिएशन रोखणारे’ स्टिकर विकत घेणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. टिकलीएवढ्या तुकड्याने पिंजरा होत नाही.

ओतीव ॲल्युमिनियमचे तयार डबे सुरेख असतात आणि महाग. मी गेलो इलेक्ट्रिकच्या दुकानात. भिंतीत स्विच बसवायला जे जस्त चढवलेले लोखंडी ‘मॉड्युलर बॉक्स’ मिळतात ना, तेच. छोटा डबा शंभराच्या नोटेत येतो, मापं ठरलेली, त्यामुळे चार पेडलं एका फळीवर ओळीने बसतात आणि मधलं एक काढून दुसरं लावता येतं. बाजूच्या गोल चकत्या हातोडीने उडवायच्या. पाइपसाठीचं ते भोक जॅकला फार मोठं पडतं, म्हणून आतून-बाहेरून रुंद वायसर. झाकणाची प्लेट प्लॅस्टिकची मिळते, तिच्याऐवजी ॲल्युमिनियमचा पत्रा कापून घ्या. बिस्किटाचा डबाही चालतो, पण त्याला आतून लॅकरचा थर असतो, त्यातून वीज जात नाही. माझ्या पहिल्या डब्याचं झाकण घट्ट बसूनही हम करत राहिलं. कडा पॉलिश पेपरने घासून उघडी केली तेव्हा गप्प झालं.

आता जरा अवघड भाग. ॲडॉप्टरमधल्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र हा वेगळाच पाहुणा. ५० हर्ट्झला ते ॲल्युमिनियममध्ये सुमारे १२ मिलिमीटर खोल गेल्यावर एक-तृतीयांशाच्या जरा वर उरतं. आपला पत्रा मिलिमीटरभर. लोखंड थोडं बरं, तरी ट्रान्सफॉर्मर दूर ठेवणं सगळ्यात स्वस्त. आणि गिटारच्या पिकअपमध्ये शिरलेला हम तर डब्यापर्यंत सिग्नलच्या हातात हात घालून येतो. सिंगल कॉइलची (एकाच वेटोळ्याच्या पिकअपची) गिटार गळ्यात अडकवून खोलीत सावकाश गोल फिरा: एका दिशेला घुंऽऽऽ जवळजवळ विझतं. भाचा सध्या तसाच, खिडकीकडे पाठ करून वाजवतो.