एका पुडीला एक लिटर

कोल्हापुरात पंचगंगेचा पूर ओसरला की चिखली-आंबेवाडीपासून शिरोळपर्यंत घरोघरी धास्ती असते ती पोरांच्या जुलाबाची. अशा वेळी ओआरएसची, म्हणजे अंगातलं गेलेलं पाणी-क्षार भरून काढणाऱ्या मीठ-साखरेच्या पुडाची, पुडी बहुतेक घरांत येते, पण पाण्याचं माप चुकतं.

या पुडीमागे डॉ. दिलीप महालनबीस या बालरोगतज्ज्ञांचं मोठं काम आहे. १९५८ मध्ये कोलकाता मेडिकल कॉलेजातून पदवी, पुढचं शिक्षण ब्रिटनमध्ये, मग कोलकात्यात जॉन्स हॉपकिन्सच्या केंद्रात पटकीवर (कॉलऱ्यावर) संशोधन. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धावेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाइन संपत आलं. त्यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण करून पिंपात कालवलं आणि नातेवाइकांच्याच हातून पाजलं. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास आलं.

आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम हातात हात घालून शिरतात, पाणी त्यांच्या मागोमाग जातं. जुलाबातही ही वाट शाबूत राहते. साखर जास्त झाली तर मात्र पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून उसाचा रस किंवा कोल्ड्रिंक हा पर्याय नव्हे.

आजच्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम सायट्रेट, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं. लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर सोडियम पाचपट होतं, जवळपास समुद्राच्या पाण्याइतकं. त्यानं बाळाला झटके येऊ शकतात. अर्धी पुडी अर्ध्या लिटरलाही नको. पूड सारखी मिसळलेली नसते. २०० मिलीची छोटी पुडीही मिळते, तेव्हा आधी पुडीवरचा आकडा वाचा. लिटरच्या पुडीला पाण्याची एक लिटरची बाटली हे उत्तम माप. पाणी उकळून गार केलेलं घ्या, कालवल्यावर पुन्हा उकळू नका, २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. अंगावरचं दूध चालूच ठेवा. सोबत झिंक रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखाली १०, दहा ते चौदा दिवस. जुलाब थांबले तरी पूर्ण.

डोळे खोल गेले, पोटावरची चिमटी सोडल्यावर कातडी सावकाश बसली, बाळ सुस्त पडलं, पिईना किंवा शौचात रक्त दिसलं, तर बाळ पीत असेल तोवर पाजत पाजतच कोल्हापूरचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय किंवा जवळचं रुग्णालय गाठा.