कुत्र्याचं पिल्लू पाय चावतं, ते दात येतात म्हणून?

‘पिल्लू स्वतःचे पाय चावतंय? दात येताहेत, सहा महिन्यांचं झालं की थांबेल.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो पटतो, कारण अर्धा खरा आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दुधाचे दात पडायला लागतात, हिरड्या शिवशिवतात आणि चपला, खुर्चीचे पाय काहीच सुटत नाही. पण ते सगळं सोडून पिल्लू पुन्हा पुन्हा आपलाच पंजा धरत असेल, तर खाज बहुधा पंजातच आहे.

हे घरी तपासता येतं. उजेडात पंजा हातात घ्या, बोटं हलकेच फाकवा. गवताचं कुसळ रुतलंय का, गोचीड चिकटलीय का, कातडी लाल, ओलसर आहे का? पांढऱ्या केसांवरचे तांबूस डाग रक्ताचेच असतील असं नाही; सतत चाटल्याने लाळेचा तसा रंग चढतो. मग शेपटीच्या मुळाशी बारीक फणी फिरवा. काळे कण निघाले तर ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. भोवती तांबडं पसरलं तर ती माती नाही, पिसवांची विष्ठा आहे. एकच पाय चावत असेल तर काटा किंवा जखम शोधा. चारही असतील तर पिसवा, ॲलर्जी, बुरशी यांचा संशय घ्यावा.

माणसांचं मलम मात्र लावू नका, ते चाटून पोटात जातं. केस गळत असतील, वास येत असेल किंवा पिल्लू लंगडत असेल तर सहाव्या महिन्याची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या.