पदवी, पद आणि मधली वर्षे

पुण्यात अलका चौकातून शास्त्री रस्त्याला लागले की दोन्ही अंगांना आणि आतल्या गल्ल्यांत अभ्यासिकांच्या पाट्या सुरू होतात. आत प्लायवूडच्या आडोशाने पाडलेले कप्पे, प्रत्येकात एक दिवा, मोबाइल लावायला एक प्लगपॉइंट, महाराष्ट्राचा नकाशा आणि स्वतःच्या अक्षरात चिकटवलेली चिठ्ठी: 'उपजिल्हाधिकारी', 'डीवायएसपी', 'तहसीलदार'. चिठ्ठीवर नाव नसते, पद असते. खाली चहाच्या टपरीवर पोरे एकमेकांना 'साहेब' म्हणतात. निम्मी चेष्टा, निम्मी सवय. यांतले बरेच जण कागदोपत्री कुठल्या तरी विद्यापीठाचे विद्यार्थी असतात. कुणी एम.ए.ला नाव घातले आहे ते वसतिगृहाची खोली मिळावी म्हणून. ज्याला तीही मिळाली नाही तो मित्राच्या खोलीत 'पॅरासाइट' म्हणून राहतो. गावाकडे मात्र एवढेच कळवलेले असते की पोरगा पुण्याला एमपीएससी, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी, करतोय.

ही सगळी माया क्लासवाल्यांनी उभी केली, असा एक सोयीचा समज आहे. त्यांचा वाटा आहेच. पण दुकान उघडण्याच्या कितीतरी आधीपासून गिऱ्हाईक दारात उभे होते, आणि ते तिथे कसे आले हे पाहायला बरेच मागे जावे लागते.

१८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नोकरीत प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. मुंबई विद्यापीठ निघाले १८५७ मध्ये आणि तिथून पहिले पदवीधर बाहेर पडले १८६२ मध्ये. त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. म्हणजे पदवी ही सरकारी खुर्चीची पावती आहे, हे समीकरण आपल्याकडे विद्यापीठाआधीच ठरून गेले होते. ज्ञान वगैरे नंतर आले.

या समीकरणावर पहिला नेमका घाव घातला तो महात्मा फुल्यांनी. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी म्हटले की या शिक्षणातून कारकून आणि मास्तर तेवढे तयार होतात; मॅट्रिकच्या परीक्षेनेच सगळ्यांचे लक्ष खाऊन टाकले आहे आणि स्वतंत्रपणे पोट भरता येईल असे व्यवहारोपयोगी काही त्यात नाही. आणखी एक निरीक्षण त्यांनी नोंदवले होते, ते फारसे उद्धृत होत नाही. देशाच्या मानाने परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या मुळीच मोठी नाही, ती मोठी वाटते ती सरकारी जागांच्या हिशेबाने. शिकलेले जास्त झालेले नाहीत, त्यांच्यासाठी ठेवलेले दार अरुंद आहे, हे इतक्या स्वच्छपणे त्यानंतर क्वचितच कुणी मांडले असेल. एरवी आपल्याकडे चर्चा उलटी चालते: पदवीधर फार झाले.

त्याच सुमारास पुण्यात दुसरा एक प्रयोग चालू होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतली नोकरी सोडली आणि १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. आगरकरांनी आईला लिहिलेले पत्र मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना ठाऊक असते: मुलगा मोठ्या परीक्षा देतोय, आता मोठ्या पगाराची नोकरी लागून पांग फिटतील, अशी आशा धरू नकोस. पुढे फर्ग्युसन कॉलेजच्या आजीव सदस्यांना महिना ७५ रुपये मिळत. नोकरीपेक्षा काम मोठे मानणारी ही पिढी आपण मखरात बसवली, ते योग्यच. पण नाकारायला आधी ती गोष्ट समोर यावी लागते. आगरकरांनी अक्षरशः हलाखीत शिक्षण केले, तरी एम.ए. झाल्यावर सरकारी नोकरीचे दार त्यांना उघडे होते. ज्यांना ते कधी उघडलेच नव्हते, त्यांच्या दृष्टीने नोकरी ही चाकरी नव्हती, माणूस म्हणून लागलेली मोहोर होती.

म्हणून शाहू महाराजांचा १९०२ सालचा आदेश इतका मोठा ठरतो. कोल्हापूर संस्थानातल्या रिक्त जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हा निर्णय आणि त्याच्या आगेमागे कोल्हापुरात उभी राहिलेली निरनिराळ्या जातींची बोर्डिंगे, या दोन गोष्टी एकत्र पाहायला हव्यात. खेड्यातले पोर शहरात येऊन खोली धरते आणि परीक्षेच्या मागे लागते, ही आजच्या सदाशिव पेठेतली रीत त्या बोर्डिंगांच्या वळणावर गेलेली आहे.

नोकरी मिळाली म्हणजे ओळख मिळाली, हे मात्र तेव्हाही खरे नव्हते. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून बाबासाहेब आंबेडकर करारानुसार १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. त्या वेळी देशात त्यांच्याइतके शिकलेले किती होते, हा प्रश्नच आहे. राहायला खोली मिळेना. शेवटी एका पारशी खानावळीत त्यांनी पारशी नाव लावून मुक्काम केला. कचेरीत शिपाई लांबून फायली टाकत. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना तिथून बाहेर काढले. पद दरबारी आणि नाव लपवलेले! पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर १९४३ मध्ये त्यांनी केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून घेतल्या. बडोद्याचा अनुभव विसरून त्या निर्णयाकडे पाहता येत नाही.

मुंबई आणि सिंध प्रांतांसाठी लोकसेवा आयोग १९३७ मध्ये स्थापन झाला; महाराष्ट्र लोकसेवा आयोग राज्याबरोबरच, १ मे १९६० चा. सुरुवातीची काही वर्षे पदवीधराला आयोगाच्या दारात ताटकळावे लागत नव्हते, कारण बँका, विमा, रेल्वे, शाळा, जिल्हा परिषदा, गिरण्यांच्या कचेऱ्या अशा बऱ्याच वाटा होत्या. तरीही त्या दशकाच्या मध्यापर्यंत 'सुशिक्षित बेकार' हा शब्द घराघरांत पोहोचला होता. १९५९ च्या कायद्याने रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणे बंधनकारक झाले, आणि मॅट्रिक किंवा पदवी झाली की 'एम्प्लॉयमेंटचे कार्ड' काढायचे, मुदत संपली की रांगेत उभे राहून ते रिन्यू करायचे, हा संस्कार होऊन बसला. कॉल येवो न येवो, कार्ड जिवंत ठेवायचे. मुंबईत याच असंतोषाला बाळ ठाकरे यांच्या 'मार्मिक' साप्ताहिकाने जागा दिली. कचेऱ्यांतल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांची नावे ओळीने छापून वर 'वाचा आणि थंड बसा' असा मथळा यायचा. १९६६ मध्ये शिवसेना निघाली ती टंकलेखन आणि लघुलेखन शिकून कॉलची वाट पाहणाऱ्या या तरुणांच्या पाठबळावर. दार अरुंद आहे हा फुल्यांचा मुद्दा बाजूला पडला आणि आत कोण शिरले, याची मोजदाद सुरू झाली. आजतागायत ती थांबलेली नाही.

मग एकेक वाट बुजत गेली. १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले आणि बहुतेकांना परतायला गिरणीच राहिली नाही. दुसऱ्याच वर्षी वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. शेतकऱ्याच्या, मास्तराच्या पोरांसाठी हे खरोखर मोठे दार होते. हिंजवडीत आयटी पार्क उभे राहिल्यावर काही वर्षे त्यातून सुखाने येजा झाली. पण घाऊक भरती करणाऱ्या आयटी कंपन्यांचा फ्रेशरचा पगार वर्षाला तीन-साडेतीन लाखांवर जो अडकला तो दशकभर हललाच नाही, आणि कॉलेजच्या फीचा आकडा मात्र वाढत राहिला. पुण्यातल्या अभ्यासिकांत इंजिनिअर इतके का दिसतात, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

शेतीचे गणित तर त्याहून उघडे आहे. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी वहितीधारणा, म्हणजे एका खातेदाराकडची शेतजमीन, १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती; २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. एका पिढीने दुसरीला वाटून दिले, दुसरीने तिसरीला, आणि तिसऱ्या पिढीला बापाने सांगितले की शेतात काही राहिले नाही, शिक. सोयरिकीच्या बाजारातही तेच ठरले. शेती किती हे आजही विचारतात, पण मुलगा काय करतो हे आधी विचारतात. २०१६ पासून निघालेले मराठा मोर्चे या पार्श्वभूमीवर वाचले तर त्यांतला शिक्षण-नोकरीचा आग्रह समजतो.

आणि इथे सरकारने जे केले ते फारसे बोलले जात नाही. जागा काढण्यापेक्षा मुदत वाढवून देणे सोपे असते. एप्रिल २०१६ मध्ये राज्य सेवेत येण्याची कमाल वयोमर्यादा खुल्या गटासाठी ३३ वरून ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ झाली. मार्च २०२३ मध्ये काही काळापुरती आणखी दोन वर्षांची सवलत आली. प्रत्येक वेळी स्वागत झाले, पेढे वाटले गेले. मागणी उमेदवारांचीच होती आणि परीक्षाच वेळेवर होत नसतील तर ती चूक म्हणता येत नाही. पण परिणाम असा की जो तेहतिसाव्या वर्षी नाइलाजाने का होईना दुसरीकडे वळला असता, तो अडतिशीपर्यंत थांबला. २०१८ मध्ये ७२,००० जागांची मेगाभरती जाहीर झाली ती आरक्षणाच्या वादात रेंगाळली, मे २०२० मध्ये कोविडमुळे नव्या भरतीवर बंदी आली, २०२२ मध्ये पुन्हा ७५,००० जागांची घोषणा झाली. घोषणा आली की गावी गेलेली मुले पुन्हा पुण्याची गाडी धरतात. सप्टेंबर २०२३ मध्ये कंत्राटी भरतीसाठी खासगी एजन्सी नेमण्याचा शासन निर्णय निघाला. ओरड झाल्यावर पुढच्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला.

मधल्या काळात अडकलेल्यांचे सर्वांत चमत्कारिक उदाहरण २०१९ च्या राज्यसेवेचे. जून २०२० मध्ये ४१३ जणांची निवड जाहीर झाली. गावोगावी सत्कार झाले, चौकात फ्लेक्स लागले. सप्टेंबरमध्ये मराठा आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि सगळ्यांच्याच नेमणुका वर्षाहून अधिक काळ लटकल्या. फ्लेक्सवर तहसीलदार, घरात बेकार. लोक 'साहेब' म्हणायचे आणि ऑर्डर कधी येणार, हेही विचारायचे.

मार्च २०२१ मध्ये, आधीच अनेकदा पुढे गेलेली राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना पुन्हा ढकलली, तेव्हा शास्त्री रस्ता अडवला गेला. आंदोलनानंतर आठवडाभराच्या फरकाने ती झाली. तलाठ्याच्या २०२३ च्या भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांहून जास्त अर्ज आले, फी खुल्या गटाला १,००० रुपये. पुढच्या वर्षी पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांवर. पहाटे मैदानात १,६०० मीटर पळणाऱ्यांत बी.ई., एम.एस्सी. झालेली मुले होती. फी भरून अर्ज केलेल्या प्रत्येकाने वर्षभर खरोखर अभ्यास केला असे नाही. कित्येक जण जागा निघाली की फॉर्म भरायचा म्हणून भरतात. घरी सांगायला काहीतरी चालू असावे लागते.

मुलींचा हिशेब वेगळा. राज्याच्या १९९४ च्या महिला धोरणाने सरकारी नोकऱ्यांत ३० टक्के जागा राखल्या आणि बापाला पोरीला पुण्यात ठेवण्याचे कारण मिळाले. पण मुलाला जशी वर्षे मिळतात तशी तिला मिळत नाहीत. बहुतेकींना घरून दोन 'अटेम्प्ट' दिलेले असतात, त्यानंतर स्थळे पाहायला सुरुवात. एमपीएससी हे तिच्यासाठी कधी कधी पदापेक्षा लग्न लांबवण्याचे एकमेव सभ्य निमित्त असते, आणि अभ्यासिकेतल्या मुली हे आपसात उघड बोलतात.

याच काळात आला परीक्षेच्या पद्धतीचा बदल. आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा यूपीएससीच्या धर्तीवर वर्णनात्मक करायचे ठरवले. बहुपर्यायी प्रश्नांवर उमेदवारीची वर्षे घातलेली मुले जानेवारी-फेब्रुवारी २०२३ मध्ये रस्त्यावर उतरली, आणि अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे गेली. पुन्हा मुदतच. नव्या पद्धतीत लेखी परीक्षा १,७५० गुणांची आहे, मुलाखत २७५ ची आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर आहेत. त्यामुळे तीन-चार वर्षे ज्या विषयात पदवी घेतली तो पुन्हा उपयोगाला यायला हरकत नव्हती. टपऱ्यांवर हल्ली चर्चा असते ती कोणता ऑप्शनल घ्यावा याची. मेकॅनिकल झालेला समाजशास्त्र घेतो आणि बी.एस्सी. ॲग्री झालेला राज्यशास्त्राच्या नोट्स शोधत पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात फिरतो. आवडता विषय कोणता, हे तिथे कुणी विचारत नाही. 'स्कोअरिंग' कोणता, एवढेच विचारतात.