अंगठा कुणाचा, होकार कुणाचा

काही वर्षांपूर्वी धुळ्यातल्या एका रुग्णालयातून मला साक्षीदार म्हणून बोलावणं आलं. मधुमेहाच्या एका नव्या औषधाची चाचणी चालू होती आणि साक्री तालुक्यातल्या एका आजींना त्यात घ्यायचं होतं. आजींना लिहिता-वाचता येत नव्हतं. अशा वेळी चाचणीशी काही देणंघेणं नसलेला, वाचता येणारा एक माणूस शेजारी बसवावा लागतो. कागदातलं सगळं या बाईंना नीट सांगितलं गेलं आणि त्यांनी राजीखुशीने होकार दिला, अशी ग्वाही तो सही करून देतो. मी निवृत्त शिक्षक, घर हाकेच्या अंतरावर, म्हणून मला फोन.

माहितीपत्रक बारा पानांचं, शुद्ध मराठीत. ‘यादृच्छिक गटविभागणी’, ‘प्रतिकूल घटना’, ‘प्लासिबो’. समन्वयक मुलगी मन लावून वाचत होती, पण आजी तिच्याकडे न पाहता माझ्याकडे बघत होत्या. पाचव्या पानाला त्यांनी अंगठा लुगड्याला पुसला आणि पुढे केला. “माले काय समजस भाऊ? तुम्ही सांगशात तठे अंगठा देस.” शाईचं पॅड उघडंच होतं. अंगठा उमटला आणि त्याच्या खाली मी सही केली. ती सही मला आजही टोचते. त्या टोचणीतूनच मी या संमतीपत्राचा इतिहास शोधत गेलो.

शोधताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. शरीर एकाचं आणि परवानगी दुसऱ्याची, हे फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत मुतखड्याच्या शस्त्रक्रियेबद्दल लिहिलं आहे की काही केलं नाही तर मरण नक्की आणि केलं तरी यशाची खात्री नाही, तेव्हा वैद्याने राजाची अनुज्ञा घेऊन हात घालावा. धोक्याचं काम सांगून-विचारून करावं, ही जाण त्या काळीही होती. पण विचारायचं होतं ते राजाला. दुखणं सोसणारा त्या वाक्यात कुठे नाही.

आपल्या मुलखात आधुनिक लसींच्या प्रयोगाची पहिली मोठी गोष्ट प्लेगची. डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली. हाफकिन यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे; आधी स्वतःचा दंड पुढे करणारे संशोधक थोडेच. तरी गजाआडच्या माणसाची ‘स्वेच्छा’ किती खरी, हा प्रश्न उरतोच. बरोबर ५० वर्षांनी याच प्रश्नावर जगाला थांबावं लागलं.

नाझी छळछावण्यांत कैद्यांवर केलेल्या प्रयोगांसाठी न्यूरेम्बर्गला २३ जणांवर खटला चालला. त्यातले २० डॉक्टर होते. १९४७ च्या निकालात दहा कलमांची संहिता आली आणि तिचं पहिलंच कलम असं की प्रयोगात घेतलेल्या माणसाची स्वेच्छेची संमती अत्यावश्यक आहे. राजाची नाही, तुरुंगाधिकाऱ्याची नाही, त्या माणसाची. १९६४ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेने माणसांवरील संशोधनाच्या नीतिनियमांचा हेलसिंकी जाहीरनामा काढला. आणि हे सगळं लिहिलं जात असताना अमेरिकेत टस्कीगीला ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता पाहिला जात होता. त्यांना आजाराचं खरं नावही सांगितलं नव्हतं. पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. १९३२ ला सुरू झालेला तो प्रकार १९७२ ला वर्तमानपत्रात आला तेव्हा थांबला.

भारतात या विषयाला वाचा फुटली ती आणीबाणीनंतर. हे दोन धागे जोडून कुणी सांगत नाही, म्हणून मी जरा थांबून सांगतो. माझे वडील प्राथमिक शिक्षक. १९७६ मध्ये शिक्षकांनाही नसबंदीच्या ‘केस’ आणायच्या असत. गावात जीप शिरली की पुरुष ज्वारीच्या रानात पळायचे आणि वडील संध्याकाळी मान खाली घालून घरी यायचे. त्या एका वर्षात, १९७६-७७ मध्ये, देशात ८० लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, आणीबाणीत नागरिकाला जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कासाठी कोर्टाकडे दाद मागता येते की नाही, या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या न्या. ह. रा. खन्ना यांनी सरकारविरुद्ध मत दिलं. हेच न्या. खन्ना पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, समितीचे अध्यक्ष झाले आणि १९८० मध्ये माणसांवरील संशोधनाच्या नीतिमत्तेचं देशातलं पहिलं धोरण निघालं. आणीबाणीत ज्याने माणसाच्या बाजूने मत दिलं, त्याच्याच हाताखाली संमतीचा हा पहिला भारतीय कागद तयार झाला, याचं मला फार मोल वाटतं.

पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. दिल्लीत १९७६ पासून बारा वर्षं गर्भाशयमुखाच्या पेशींत बदल आढळलेल्या हजाराहून जास्त बायकांना उपचार न करता केवळ निरीक्षणाखाली ठेवलं गेलं. लेखी संमती नव्हती. काहींना कर्करोग झाला. हे १९९७ मध्ये उजेडात आलं. नंतर २००० साली न्या. वेंकटचलय्या यांच्या समितीची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं आली, ती २००६ आणि २०१७ मध्ये सुधारली गेली.

आता आपल्या दाराशी येऊ. २००९ मध्ये पाथ ही अमेरिकी संस्था आणि आयसीएमआर यांनी राज्य सरकारांच्या मदतीने आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वयाच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस द्यायला सुरुवात केली. वडोदऱ्यात निवडलेल्या तालुक्यांत कवांट होता. कवांट म्हणजे नर्मदेच्या पलतीरावरचा मुलूख. अलीकडे आपलं धडगाव. माणसं तीच भिल, डोंगर तेच. सात मुलींच्या मृत्यूंच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये काम थांबवलं गेलं. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, आणि ही लस उपयोगी आहे हे मी स्पष्ट सांगतो. माझ्या नातीला ती दिली आहे. खटकलं ते दुसरंच. आंध्रातल्या ९,५४३ संमतीपत्रांत १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या. आईबाप डोंगरात, मुलगी आश्रमशाळेत, होकार अधीक्षकांचा. संसदीय समितीने ऑगस्ट २०१३ मध्ये यावर फार कडक अहवाल दिला.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या आश्रमशाळेत अकरा वर्षं शिकवलं आहे. अधीक्षकांपुढे कागद आला की ते सही करतात, यात दुष्टपणा नसतो. सुटीचा अर्ज, गणवेशाची पावती, रक्ततपासणीचा तक्ता, सगळं एकाच टेबलावरून जातं. शिवाय त्या प्रकल्पाला चाचणी म्हटलंच नव्हतं. ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ म्हटलं होतं. नाव बदललं की विचारण्याची धार बोथट होते. आपल्याकडे ‘शिबिर’, ‘मोहीम’, ‘कार्यक्रम’ या शब्दांनी हे काम नेहमीच केलं आहे.

दुसरा धक्का इंदूरचा. मुंबई-आग्रा रस्त्याने शिरपूर, सेंधवा ओलांडलं की इंदूर, खान्देशातले कितीतरी पेशंट तिकडेच जातात. तिथल्या सरकारी रुग्णालयातल्या चाचण्यांबद्दल आरोप झाले आणि स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. सरकारने न्यायालयात दिलेल्या आकड्यांनुसार २००५ ते २०१२ या काळात नव्या औषधांच्या चाचण्यांदरम्यान २,६४४ माणसं मेली; त्यातल्या ८० मृत्यूंचा संबंध थेट चाचणीशी जोडला गेला. उरलेले मूळ आजाराने, असं म्हणणं. मोठ्या आजारांच्या चाचण्यांत तसं घडतंही, पण ८० हा आकडा छोटा नाही.

२०१३ पासून नियम आवळले गेले आणि मार्च २०१९ मध्ये ‘नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्या नियम’ आले. चाचणीला मान्यता देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात सदस्य, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, त्यात एक कायद्याचा जाणकार, एक स्त्री आणि एक सामान्य माणूस. दुर्बल गटातल्या व्यक्तींवर नव्या औषधी रेणूची चाचणी असेल तर संमती घेतानाचं ध्वनिचित्रमुद्रण. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई. संमतीपत्राची प्रत सहभागी व्यक्तीच्या हातात. आणि माझ्यासारखा साक्षीदार.

संशोधनाबाहेर, रोजच्या उपचारातली गोष्ट वेगळ्या वाटेने आली, पण प्रश्न तोच. न्यूयॉर्कमध्ये एका बाईने पोटातली गाठ फक्त तपासायला होकार दिला होता. भूल देऊन ती काढूनच टाकली. १९१४ च्या त्या निकालात न्या. कार्डोझो यांनी लिहिलं की सज्ञान आणि मन ठिकाणावर असलेल्या प्रत्येक माणसाला आपल्या शरीराचं काय व्हावं हे ठरवण्याचा हक्क आहे. आपल्याकडे हे ठसठशीतपणे म्हणायला २००८ उजाडलं. समीरा कोहली खटल्यात दुर्बिणीने तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय काढलं गेलं होतं. मधेच बाहेर येऊन आईची सही घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जिवाला तातडीचा धोका नसताना, पेशंट शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत असताना, दुसऱ्या कुणाची सही चालत नाही, आणि तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे.

आमच्याकडे याला ‘पिशवी काढली’ म्हणतात. चाळीसगावपासून शहाद्यापर्यंत कुठल्याही दवाखान्याच्या बाकड्यावर हा शब्द ऐकू येईल. पिशवी काढायची म्हटलं की सिस्टर विचारते, “मिस्टर कुठे आहेत? सही लागेल.” कायद्याने सज्ञान बाईच्या शस्त्रक्रियेला नवऱ्याची सही लागत नाही. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यातही सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. पण प्रथा इतकी मुरली आहे की बाई स्वतःच म्हणते, “ते आले की सही करतील.” डॉक्टरांचीही अडचण मी पाहिली आहे, ऑपरेशननंतर काही बिघडलं तर नातेवाईक अंगावर येतात, म्हणून आधी नातेवाइकांची सही. भीतीपोटी घेतलेली सही डॉक्टरला सावरते. बाईला विचारायचं मात्र त्यात राहून जातं.

सध्या नंदुरबारकडे माझं लक्ष लागलं आहे ते सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारामुळे. भारतात हा आजार पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत नोंदला गेला. सातपुड्यातल्या भिल, पावरा कुटुंबांना तो चांगला ओळखीचा आहे. हातपाय ठणकणारी, वारंवार सलाइनवर जाणारी मुलं माझ्या वर्गात होती. जुलै २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं तिचं लक्ष्य. तपासणी हवीच. वेळेवर कळलं तर हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने मूल सुखात जगतं. पण बोटाला टोचून घेतलेल्या त्या थेंबातून जे कळतं ते एका मुलाचं नसतं, आईबापाचं आणि भावंडांचंही असतं. नुसता वाहक, म्हणजे एकाच पालकाकडून आजाराचं जनुक आलेला माणूस, आजारी नसतो. नवराबायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. तपासणीनंतर हातात कार्ड येतं, आणि हेच कार्ड उद्या सोयरिकीच्या बैठकीत मागितलं गेलं तर? मुलीला ते दाखवायचं नसेल तर? आयसीएमआरची २०१७ ची तत्त्वं संशोधनापुरतं सांगतात की सात वर्षांवरच्या मुलालाही, पालकांच्या संमतीबरोबरच वेगळं, त्याच्या समजुतीनं विचारावं. बारापर्यंत तोंडी, पुढे लेखी. मोहिमेत आश्रमशाळेच्या रांगेत हे कोण विचारणार? आणि पावरीत विचारणारा कुणी आहे का? भाषांतर झालं म्हणजे आपल्याकडे मराठी झालं असं धरतात. धडगावच्या मुलाला मराठी पहिलीत भेटते, आणि तीही पुस्तकात.

त्या आजींनंतर मी साक्षीला जायचो तेव्हा एकच अट घालायचो: पानं वाचून झाली की अर्धा तास मला द्या, मी अहिराणीत सांगेन. गुडघेदुखीच्या एका चाचणीसाठी शिंदखेड्याकडच्या साठीतल्या एक बाई आल्या होत्या. चिठ्ठ्या टाकून कुणाला खरी गोळी आणि कुणाला खडूसारखी पोकळ गोळी मिळते, एवढं सांगायला मला वीस मिनिटं लागली. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, “मंग माले भेटी ती खरी का खडूनी?” सांगितलं, ते कुणालाच माहीत नसतं. “डाक्टरले बी नही?” डॉक्टरलाही नाही. त्या बराच वेळ गप्प बसल्या. कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, मंगळवारी सांगते.

मंगळवारी त्या आल्या नाहीत. समन्वयकाने नोंदवहीत ‘नकार’ असं लिहिलं. कारणाचा रकाना त्याने मोकळा सोडला. ते सांगायला कुणी बांधील नसतं.