सुट्ट्याने टेन्शन जातं, पण कुठलं?

पीएल (परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी) लागली की इंजिनिअरिंग कॉलेजच्या आसपासच्या टपऱ्यांवर गर्दी वाढते. (शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, पण ते असो.) जर्नल अर्धवट, व्हायवा डोक्यावर, मागच्या सेमच्या केट्या (राहिलेले विषय) वेगळ्याच, आणि कटिंगसोबत एक सुट्टा (म्हणजे सिगारेट) मारला की "डोकं शांत झालं यार". पोरं खोटं बोलत नाहीत, खरंच शांत वाटतं.

झुरका घेतला की निकोटीन १०-२० सेकंदात मेंदूत पोचतं, तिथे डोपामिन सुटतं आणि बरं वाटतं, पण त्याच वेळी अ‍ॅड्रेनलिन वाढतं, ठोके वाढतात, बीपी वर जातं, म्हणजे शरीर काही शांत झालेलं नसतं. मग साधारण २ तासांत रक्तातलं निकोटीन निम्म्यावर येतं, रोज ओढणाऱ्याच्या मेंदूला ते कमी पडायला लागतं आणि चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणं सुरू होतं. आता ही लक्षणं अभ्यासाच्या टेन्शनसारखीच, त्यामुळे वाटतं की थर्मोडायनॅमिक्स डोक्यात जात नाहीये म्हणून त्रास होतोय, पुढची सिगारेट तो त्रास मिटवते आणि फुकटचं क्रेडिट घेऊन जाते. खरं तर तो त्रास बऱ्याच अंशी आधीच्याच सिगारेटने दिलेला असतो. आणि पेपर ३ तासांचा असेल तर शेवटच्या तासात काय होत असेल, बघा विचार करून.

२०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता, त्यात सिगारेट सोडलेल्यांची चिंता, डिप्रेशन आणि ताण, ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी झालेला दिसला. हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत, त्यामुळे कारण शंभर टक्के सिद्ध झालं असं नाही म्हणता येणार, पण "सोडली तर टेन्शन वाढेल" ही भीती मात्र बरीच पोकळ ठरते.

फक्त पेपरच्या आदल्या दिवशी सोडायला जाऊ नका, पहिले काही दिवस सगळ्यात वाईट जातात, सेमच्या सुरुवातीला सोडलेली बरी. अजून एक, सिगारेटच्या धुरामुळे लिव्हर कॅफीन जास्त वेगाने संपवतं, म्हणून सोडल्यावर तेवढीच कॉफी जास्त चढते, हात थरथरतात, झोप उडते आणि दोष जातो सिगारेट सोडण्याला, तेव्हा चहा-कॉफी पण थोडी कमी करा. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.