पार्श्वभूमी : ब्रिटनमधल्या वाफेच्या गाड्या आणि त्यांची छोटी भावंडं

वाफ म्हटलं की आपल्याला आगगाडीच आठवते. पण रिचर्ड ट्रेव्हिथिकने रुळांवर इंजिन चालवलं ते १८०४ मध्ये. त्याआधीच, २४ डिसेंबर १८०१ रोजी, कॉर्नवॉलमधल्या कॅम्बोर्नचा चढ त्याची वाफेची गाडी माणसं घेऊन चढली होती. काही दिवसांतच तिचा निकाल लागला. विस्तव तसाच ठेवून मंडळी खानावळीत जेवायला बसली, बॉयलरमधलं पाणी आटलं आणि गाडी जळून गेली.

१८३० च्या दशकात वॉल्टर हॅन्कॉकच्या वाफेच्या बस लंडनमध्ये भाडं घेऊन धावत होत्या, पण तो धंदा रुजला नाही. वाफ रस्त्यावर टिकली ती शेतीच्या आधाराने. मळणीसाठी वाफेचं इंजिन गावोगाव न्यायचं तर ते घोड्यांनी ओढावं लागे. वाफेच्या इंजिनाला सहा घोड्यांनी ओढणं म्हणजे आगबोटीला सहा शिडाच्या जहाजांनी ओढण्यासारखं आहे, अशी केंटमधल्या थॉमस अ‍ॅव्हलिंगची तक्रार होती. १८५९ मध्ये त्याने असल्याच एका इंजिनाला साखळी जोडून मागची चाकं फिरवली. गंमत म्हणजे दिशा देण्यासाठी सुरुवातीला पुढे एक घोडा जुंपलेला असेच! पुढे रॉचेस्टरच्या अ‍ॅव्हलिंग अँड पोर्टर कारखान्याने वाफेचे रोड रोलर जगभर पाठवले.

मग आला १८६५ चा कायदा. गावाबाहेर ताशी ४ मैल, गावात २ मैल, गाडीवर किमान तीन माणसं आणि ६० यार्ड पुढे लाल निशाण घेऊन चालणारा माणूस. घोडे बुजतात, रस्ते खचतात, ही कारणं खोटी नव्हती. पण रस्त्यावरची वाफ मागे पडली ती तंत्र कमी पडलं म्हणून नव्हे, कायद्याने पाय बांधले म्हणून, असं मला वाटतं. त्याच सुमारास एडिनबरोच्या आर. डब्ल्यू. थॉमसनने रबरी धावांची रस्त्यावरची इंजिनं बनवली. ती हिंदुस्थानातही आली. क्रॉम्प्टन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने १८७० च्या दशकात पंजाबात त्यांवर प्रवासी आणि माल नेऊन पाहिला.

१८९६ मध्ये हलक्या गाड्यांवरची बंधनं सैलावली आणि वाफेचे ट्रक निघाले. फोडेन आणि सेंटिनेल ही त्यातली मोठी नावं. १९३० च्या दशकातला सेंटिनेल एस-४ हवेच्या टायरांवर धावणारा, चांगला वेगवान ट्रक होता. तोवर कर मात्र रिकाम्या गाडीच्या वजनावर बसू लागला. जड बॉयलरचा संसार घेऊन हिंडणाऱ्या गाडीला तो कसा परवडणार? फोडेन डिझेलकडे वळली आणि इंजिनं भंगारात जाऊ लागली. १९५० मध्ये ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅपलफोर्डच्या आर्थर नॅपरने बिअरच्या पिंपाची पैज लावून दोन ट्रॅक्शन इंजिनांची, म्हणजे रस्त्यावर स्वतः चालणाऱ्या वाफेच्या इंजिनांची, शर्यत घेतली. तिथून इंजिनं वाचवण्याची चळवळ उभी राहिली.

तोवर घरोघरच्या लेथवर छोटी इंजिनं बनतच होती. १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शलने छंदिष्टांसाठी 'मॉडेल इंजिनियर' मासिक काढलं आणि त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांची संस्थाही निघाली. या छंदातली खरी अडचण गणिताची. गाडी बारा पटींनी लहान केली की बॉयलरचा पृष्ठभाग १४४ पट घटतो, पण आतलं पाणी १,७२८ पट. म्हणजे पाण्याच्या मानाने उष्णता निसटायला जागा बारा पट. त्यातून नळ्या बारीक कराव्यात तर धूर निघत नाही, विस्तवाला हवेची ओढ लागत नाही. म्हणून इतक्या छोट्या इंजिनात कोळसा जळणार नाही, स्पिरिटच बरं, असं नावाजलेले खेळणीवालेसुद्धा म्हणत.

'एलबीएससी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका माजी रेल्वे कामगाराने ते खोटं ठरवलं. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या 'आयेशा' या अडीच इंच गेजच्या (रुळांमधलं अंतर) छोट्या रेल्वे इंजिनाने कोळशावर धडधाकट माणूस ओढून दाखवला. त्याने नळ्या मोठ्या इंजिनाच्या मापाप्रमाणे लहान केल्या नव्हत्या. थोड्या, पण पुरेशा रुंद ठेवल्या होत्या. हा वाद 'बॉयलरची लढाई' म्हणून आजही सांगितला जातो.

तेव्हाची शिस्त अजून चालते. तांब्याचा बॉयलर चांदीच्या डाखाने जोडतात आणि पहिली वाफ धरण्याआधी कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाने थंड पाणी भरून तपासतात. पाणी फारसं दबत नाही, त्यामुळे सांधा सुटला तरी नुसती गळती होते, स्फोट नाही. हे तपासणारे बहुधा क्लबातलेच जुने जाणते.

आता अडचण वेगळीच आहे. वेल्समधली फॉस-इ-फ्रान ही मोठी उघडी कोळसाखाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली. बाहेरून आणलेला कोळसा आणि कारखान्यात दाबून बनवलेल्या वड्या कोणत्या भट्टीत कशा जळतात, याचे प्रयोग मोठ्या इंजिनांचे मालक आणि छोट्यांचे छंदिष्ट आता करताहेत.