वासिल स्तुस आणि नोबेलची दंतकथा

युक्रेनी कवी-अनुवादक वासिल स्तुस यांना १९८५ मध्ये साहित्याच्या नोबेलसाठी नामांकन मिळालं, पण नोबेल त्यांना मिळू नये म्हणून सोव्हिएत सत्तेने त्यांना कैद्यांच्या श्रमछावणीत संपवलं, हा किस्सा वर्षानुवर्षे फिरतोय. ऐकायला जबरदस्त आहे, पण पुरावा?

नोबेलची नामांकनं ५० वर्षं गुप्त असतात. म्हणजे १९८५ ची यादी २०३६ च्या आधी कोणालाच दिसणार नाही. खरं इतकंच, की १९८४ च्या अखेरीस टोरांटोत एक समिती जमली आणि स्तुस यांचं नाव १९८६ साठी सुचवायचं ठरलं. त्याआधीच, ४ सप्टेंबर १९८५ रोजी, रशियातल्या पेर्मजवळच्या कुचिनो छावणीत त्यांचा मृत्यू झाला. शिक्षेच्या कोठडीत होते, उपोषण चालू होतं. मृत्यू नेमका कशाने झाला, यावर आजही वाद आहे. आणि नोबेल मरणोत्तर देत नाहीत.

सत्तेला त्यांचा राग यायला नोबेलची गरजच नव्हती. १९६५ मध्ये कीवच्या एका चित्रपटगृहात त्यांनी युक्रेनी बुद्धिजीवींच्या धरपकडीचा उघड निषेध केला, तेव्हाच संशोधन संस्थेतून हकालपट्टी झाली. १९७२ मध्ये पहिली अटक, १९८० मध्ये दुसरी: दहा वर्षं छावणी, वर पाच वर्षं हद्दपारी. पहिल्या अटकेत कीवच्या कोठडीत बसून या माणसाने जर्मन कवी गटेच्या कविता युक्रेनीत आणल्या! पुढे छावणीत जर्मन भाषेतलाच कवी रिल्के. कागद जप्त व्हायचे, म्हणून ओळी बायकोला लिहिलेल्या पत्रांत घालून पाठवायचे. कुचिनोत लिहिलेली शेवटची वही मात्र अजून सापडलेली नाही.